बेचाळीस दारं आणि एक जिना

माझी नात परवा विचारत होती, "आजी, तू खरंच राजकारणात होतीस?" म्हटलं, होते तर! सव्वा महिना. तेवढ्यात मी एका चांगल्या बाईला निवडणुकीत जवळजवळ पाडत आणलं होतं, आणि तेही तिच्याच बाजूनं उभी राहून. विरोधकांना इतकं जमलं नसतं.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. पुण्याची बी.ए., आणि हे समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत कळेल याची काळजी घेणारी. आमचे हे फोर्ट विल्यममधल्या लष्करी कचेरीत होते. दक्षिण कलकत्त्यात एका घराच्या मधल्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहत होतो: हे, मी आणि सासूबाई. वरच्या मजल्यावर घरमालकीण. विधवा, साठीच्या पुढची, गुडघ्यांनी अधू, जिभेनं मुळीच नाही. सगळी गल्ली तिला माशीमा, म्हणजे मावशी, म्हणायची; ती मला बऊमा, म्हणजे सूनबाई. माशीमा सहसा जिना उतरत नसत. दोरीला बांधलेली त्यांची टोपली उतरायची. भाजीवाल्यानं हाक दिली की ती आमच्या खिडकीसमोरून खाली जायची आणि भरून वर जाताना आमच्या खिडकीशी थबकायची. सासूबाई हात घालून दोन लिंबं, कधी एखादं केळफूल उचलायच्या आणि बदल्यात चटणीची वाटी ठेवायच्या. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती, पण टोपली चुकली नाही.

त्या हिवाळ्यात स्वतंत्र देशाची पहिली मोठी निवडणूक झाली. मी मत दिलं. बोटावरची शाई उडू नये म्हणून दोन दिवस भांड्यांना हात लावला नाही. भांडी सासूबाईंनी घासली. त्यांनी मत दिलं होतं की नाही हे मी विचारलंसुद्धा नव्हतं.

त्यापाठोपाठ कॉर्पोरेशनची निवडणूक आली. मी अर्धा दिवस मुलींच्या शाळेत शिवण शिकवत असे. तिथल्या मुख्याध्यापिका आमच्या वॉर्डातून उभ्या राहिल्या. त्यांना सगळे दिदिमणी म्हणत. पांढरी साडी, काळा बारीक काठ. एकोणिसाव्या वर्षापासून विधवा. उभं राहायचं कारण पाणी. गल्लीच्या तोंडाशी एकच नळ, करंगळीएवढी धार, आणि पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांमुळे रांग दुप्पट झालेली. जुने काउन्सिलर मागच्या वेळी हात जोडून मोठ्या पाइपचं वचन देऊन गेले होते, ते पुन्हा हात जोडायलाच उगवले. वॉर्डात कोणाचा कोणावर विश्वास उरला नव्हता. "मत हवं ना? न्या. पाणी तर तुम्ही आणणार नाहीच," असं लोक तोंडावर म्हणायचे.

मी दिदिमणींना म्हटलं, बायकांची सभा माझ्या घरी घेऊ. यांना कळलं तेव्हा हे जेवता जेवता थांबले.

"सरकारी नोकराच्या घरात निवडणुकीची सभा? वरच्या साहेबाकडे कोणी एक चिठ्ठी टाकली तर उद्या कुठे फेकतील कळायचं नाही."

"सभा कुठे? संक्रांतीचं हळदीकुंकू करतेय मी."

"आणि त्यात भाषण."

"हळदीकुंकवाला बायका तोंड शिवून बसतात का?"

हे पुन्हा जेवू लागले. मला वाटलं, काय हुशार बाई मी!

दिदिमणींना हळदीकुंकू म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. "सगळ्या बायका येतील?" एवढंच त्यांनी विचारलं. म्हटलं, सगळ्या. त्यांनी मला मतदारयादी दिली आणि काही नावांवरच्या लाल खुणा दाखवल्या. "या मतदार बायका. आधी यांच्याकडे जा. बांगला वाचता येतं ना?" मी "हो" म्हटलं. येत नव्हतं. घरी आले आणि यादीच्या कोऱ्या पाठीवर वाणाचं सामान लिहून काढलं.

मग तीन दुपारी मी हातात कुंकवाचा करंडा घेऊन वॉर्डभर फिरले. माझी रीत अशी: दार उघडलं की बाईच्या भांगाकडे आधी पाहायचं, चेहऱ्याकडे नंतर. भांगात शेंदूर, मनगटात शंखाची बांगडी असली की आमंत्रण. नसली की मी करंडा पदराआड घ्यायची आणि म्हणायची, "माशीमा, जरा पाणी मिळेल का?" त्या बिचाऱ्या आत जाऊन पाणी आणायच्या. ज्या वॉर्डात पाण्यासाठी निवडणूक चालली होती तिथलं पाणी मी असं फुकट पीत हिंडले. बेचाळीस घरी आमंत्रण गेलं.

शेवटच्या दिवशी सासूबाई तिळगूळ वळत होत्या. "वर गेलीस का?" त्यांनी विचारलं.

"वर? माशीमांना कसं... म्हणजे त्या..."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पुढचा लाडू हातात घेतला.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी खोली भरली. दोन-चार मराठी घरं, बाकी बंगाली बायका, मराठ्यांचं काय असतं ते पाहायला आलेल्या. सासूबाई रीतीप्रमाणे स्वयंपाकघरात. दिदिमणींना मी मुद्दाम उशिराची वेळ दिली होती, म्हणजे कुंकू आटोपलेलं असेल. याचा अर्थ, अडचण मला आधीपासून माहीत होती. हे मी पुढे कित्येक वर्षं कबूल केलं नाही.

त्या अर्धा तास आधी आल्या.

माझं बोट कुंकवात बुडालेलं होतं. दिदिमणी चपला काढून सरळ आत आल्या आणि सतरंजीवर रांगेतच, एका डॉक्टरांच्या बायकोशेजारी बसल्या. मी सहा बायका अलीकडे होते. मग पाच. मग चार. खोलीतली कुजबूज कमी होत गेली, कारण आता सगळ्यांनाच दिसत होतं मी कुठे येणार ते. माझ्यातली बी.ए. म्हणत होती, लाव, हीच ती वेळ. दुसरी कोणी तरी म्हणत होती, लावलंस तर या सगळ्या उठून जातील. आणि दिदिमणींना ते चालेल की नाही, हे विचारलंस तरी का? तीन. दोन. डॉक्टरांची बायको झाली. माझं बोट हवेत राहिलं. मग ते दिदिमणींना ओलांडून पलीकडच्या बाईच्या कपाळावर टेकलं. मी काही ठरवलं नव्हतं. हाताला सवय होती.

दिदिमणींनी माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, एखाद्या मुलीनं सोपं गणित चुकवल्यावर पाहावं तसं. मग त्या उभ्या राहिल्या.

"मी भाषण करत नाही. एकच विचारते. तुमच्यापैकी कोणाच्या स्वतःच्या नावावर घराची पट्टी किंवा भाड्याची पावती आहे?"

एक हात वर गेला नाही. कोणी तरी फिस्सकन हसलं.

"मोठ्या निवडणुकीत सगळ्यांना मत होतं," त्या म्हणाल्या. "कॉर्पोरेशनला तसं नाही. ज्याच्या नावावर घर किंवा पावती, त्याला मत. वॉर्डात अशा तेवीस बायका आहेत. त्यांतली इथे एकही नाही."

आता हे उलगडून सांगायला नको. नवरा असताना बायकोच्या नावावर घर कोण करतो? त्या तेवीसजणी जवळजवळ सगळ्या विधवा होत्या. ज्यांच्या दारी मी पाणी पिऊन परतले होते, नेमक्या त्याच.

त्यांनी यादी मागितली. मी आणून दिली. वरच्या बाजूला माझ्याच अक्षरात "फण्या पन्नास, अत्तर, गुलाबपाणी." त्यांनी ती शांतपणे उलटी केली. "पहिलं लाल नाव तुमच्या डोक्यावर राहतं," त्या म्हणाल्या, आणि बोट खाली सरकलं. "आणि हे याच घराचं. मधला मजला." त्यांनी नाव वाचलं. ते सासूबाईंचं होतं.

"छे! चूक असेल. पावती यांच्या नावाची."

"माझ्या नावाची आहे." सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभ्या होत्या, हात तिळानं भरलेले. "माशीमा म्हणाल्या, बदलीच्या माणसाला घर देत नाही, तुम्हाला देते." एवढं सांगून त्या आत गेल्या.

बायकांनी फण्या घेतल्या आणि लवकर उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीवाल्याची हाक आली. सासूबाई चटणीची वाटी घेऊन खिडकीत उभ्या राहिल्या. टोपली खाली गेली, भरली, वर आली आणि आमच्या खिडकीसमोरून न थांबता निघून गेली. त्यानंतरच्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी सासूबाईंनी वाटी काढलीच नाही.

"आई, मी तुम्हाला कधी..." मी सुरुवात केली.

"मला सवय आहे गं," त्या म्हणाल्या. "त्यांना तुझ्याकडून नव्हती."

गोष्ट वॉर्डात पसरायला दोन दिवस पुरले. जुन्या काउन्सिलरांची माणसं दारोदार सांगू लागली, 'दिदिमणींच्या माणसांना विधवेची सावली चालत नाही, मत तेवढं चालतं.' खोटं असतं तर खोडून काढता आलं असतं. पुरुषांची मतं दोन्हीकडे सारखी वाटली गेलेली. त्या तेवीस मतांवरच दिदिमणी तरणार किंवा बुडणार, असं त्यांची माणसं म्हणत होती. दिदिमणी मला रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "काही दिवस तुम्ही शिवणाकडेच लक्ष द्या." त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी आनंदानं घेतल्या असत्या.

मग मी वर गेले. दोन दिवस माफीचं बांगला भाषण पाठ केलं होतं. माशीमांनी दार उघडलं, साखळी काढली नाही. फटीतून एक डोळा आणि अर्धा चष्मा.

"माशीमा, माझी फार मोठी चूक..."

"बऊमा, बोलावलं असतंस तरी मी आले नसते. गुडघे." त्यांनी फटीतून माझ्याकडे बोट केलं. "पण तू बेचाळीस घरी गेलीस, आणि तुला हा एक जिना चढवला नाही."

"तुमचं मत दिदिमणींना..."

"अस्सं! मतासाठी चढलीस होय!" दार लागलं.

मी पायऱ्यांवर बसून रडले. कशासाठी, ते आता मला नीट आठवतं: माझं भाषण अर्धं राहिलं म्हणून.

त्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या दिदिमणीला बोलाव. इथे नको, आत." आत म्हणजे स्वयंपाकघरात. दिदिमणी पाटावर बसल्या. सासूबाईंनी चहा दिला आणि आपल्या हिंदीत, जिच्यात क्रियापदं सगळी मराठी असत, विचारलं, "पाइप आणाल का?"

"आणीन, असं म्हणायला पाहिजे."

"ते ऐकलं. आणाल का?"

दिदिमणींनी कप खाली ठेवला. चूल तडतडत होती. मी तोंड उघडलं तर सासूबाईंनी माझ्याकडे न बघताच हात वर केला.

"मला माहीत नाही," दिदिमणी म्हणाल्या. "मोठ्या पाइपला बाकीच्यांनीही हात वर करायला हवेत. मी तिथे एकटी असेन."

"मग करणार काय?"

"दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नळापाशी उभी राहीन. काय मागितलं, कोण नाही म्हणालं, ते सांगीन. काहीच झालं नसेल तर तेही सांगीन."

"हे मला सांगता येईल," सासूबाई म्हणाल्या. "पाइपचं माझ्या तोंडून निघणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्या एकट्या वर गेल्या. साखळी निघाल्याचा आवाज मी खालून ऐकला. दोन तास वरून आवाज येत होते, एक मराठी हिंदी, एक बंगाली हिंदी. मध्येच कोणी तरी मोठ्यानं बोललं. त्या खाली आल्या तेव्हा मी जिन्याच्या तोंडाशीच होते.

"काय म्हणाल्या?"

"बघू म्हणाल्या."

"पण मत..."

"बघू म्हणाल्या," त्यांनी पुन्हा सांगितलं. "छत्री घे. बाकीच्या दारी जायचंय. आणि तू बोलायचं नाहीस."

मी छत्री धरून मागे. एका दारात म्हातारीनं मला ओळखलं आणि आत हाक मारली, "अगं, ती पाणीवाली बऊमा आली!" कोणी बसवलं, कोणी उभ्यानंच ऐकलं. सासूबाई सगळीकडे तेवढंच सांगायच्या, रविवारचं. आणि सगळीकडून तेवढंच उत्तर यायचं. बघू. पण एक प्रश्न मात्र जवळजवळ प्रत्येक दारी आला: "तुमच्या वरच्या माशीमा जाणार का?" अख्ख्या वॉर्डातल्या त्या बायका माशीमांकडे बघत होत्या. माशीमा उतरल्या तर त्या निघणार.

हे रोज कचेरीतून आले की विचारायचे, "कोणी काही बोललं नाही ना?" मी नाही म्हणायची. चिठ्ठीची भीती यांच्या डोळ्यांत तशीच असायची.

मतदानाच्या दिवशी दिदिमणींनी मला केंद्राबाहेरच्या टेबलाशी बसायला परवानगी दिली. माझं काम एकच, तेवीसपैकी कोण येऊन गेली तिच्या नावापुढे खूण करायची. तोवर मला बांगला अक्षरं येऊ लागली होती, भीतीनं माणूस लवकर शिकतं. सासूबाईंनी सकाळीच मत दिलं. दुपारपर्यंत खुणा झाल्या सहा. जुन्या काउन्सिलरांचा माणूस पलीकडच्या टेबलावरून पान चघळत म्हणाला, "काय बऊदी, हळदीकुंकू संपलं वाटतं?"

मी यादीतल्या खुणा पुन्हा मोजल्या. दोन तास सातवी खूण पडली नाही. अखेर कोणी तरी मला घरी पिटाळलं, जेवून ये म्हणून. मी जेवले नाही. खिडकीशी बसले. वरून काही आवाज नव्हता. सासूबाई शेजारी चंची उघडून सुपारी कातरत होत्या, जरा जास्तच बारीक.

मग दोरी हलली.

टोपली खाली आली. या वेळी भाजीवाल्यानं हाक दिलेली नव्हती. हळदीकुंकवानंतर पहिल्यांदा ती आमच्या खिडकीशी थांबली. आत चपला होत्या. काळ्या, जुन्या, अंगठा तुटून पुन्हा शिवलेल्या.

"दीदी!" वरून सासूबाईंना हाक आली. "धरा त्या. जिन्यावर अनवाणी येते, खाली पोचल्यावर घालीन."

आम्ही दोघी धावत वर गेलो. माशीमा उंबऱ्यावर उभ्या होत्या, इस्त्रीची पांढरी साडी, हातात किल्ल्यांचा जुडगा. एका बाजूला सासूबाई. दुसऱ्या बाजूला मी पुढे झाले.

"खांदा दे," माशीमा म्हणाल्या. "बोलू नकोस."

एकेक पायरी, दोन्ही पाय टेकवून, थांबून. दर पायरीला त्यांचा श्वास अडकायचा आणि माझ्या खांद्यात बोटं रुतायची. मधल्या वळणावर त्या थबकल्या. मला वाटलं, आता परत फिरणार. त्यांनी आमच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बेचाळीस दारं," त्या पुटपुटल्या, आणि पुढची पायरी उतरल्या.

खाली सासूबाईंनी वाकून चपला पुढे ठेवल्या. माशीमांना घेऊन रिक्षा गल्लीतून निघाली तेव्हा मी शेजारून चालत होते. समोरच्या सज्जातली एक बाई आत गेली आणि थोड्या वेळानं पांढरी शाल गुंडाळून दारात आली. पुढच्या वळणावर दुसरी. घोषणा नाहीत, काही नाही. नुसत्या चपलांचा आवाज. केंद्र बंद झालं तेव्हा माझ्या यादीत अशा एकवीस खुणा होत्या.

दिदिमणी नऊ मतांनी निवडून आल्या.

बातमी आणली मी. "आई, आपण जिंकलो!"

"आपण?" सासूबाई म्हणाल्या. "तुझं मत कुठलं?"

"बरं, तुम्ही. तुम्ही दिदिमणींनाच दिलंत ना?"

"ते सांगायचं नसतं म्हणे."

"आणि माशीमांनी?"

"विचारून ये. जिना माहीत झालाय तुला."

मी विचारलं नाही. आजतागायत मला ठाऊक नाही. यांच्या साहेबाकडे चिठ्ठीही कोणी टाकली नाही. मला वाटतं, वॉर्डात यांना कोणी एवढं महत्त्वाचं समजत नव्हतं. हे मात्र मी यांना कधी सांगितलं नाही.

महिन्याचा पहिला रविवार आला. मी खिडकीत. नळावर रांग, हंडे, बादल्या, आणि धार तशीच करंगळीएवढी. दिदिमणी बरोबर वेळेवर येऊन नळाशेजारी उभ्या राहिल्या. रांगेतल्या बायका वळून बघू लागल्या. जुन्या काउन्सिलरांचा तो पानवाला माणूसही कोपऱ्यावर उभा होता, मजा बघायला. दिदिमणींचा चेहरा उतरलेला होता. त्यांनी पदर सारखा केला.

"मोठ्या पाइपचा अर्ज मी दिला. तो पुढच्या बैठकीवर ढकलला. या महिन्यात काही झालं नाही."

कोणी हसेल, कोणी हंडा आपटेल, असं वाटलं. तेवढ्यात वरच्या सज्जातून आवाज आला.

"जोरात बोला! वर ऐकू येत नाही!"

दिदिमणींनी मान वर केली, श्वास घेतला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "काही झालं नाही, माशीमा!"

"हां," माशीमा म्हणाल्या. "आता ऐकलं. पुढच्या रविवारी, म्हणजे पुढच्या महिन्यात, पुन्हा या."

आणि टोपली खाली सोडली.